ग्लुटेन-फ्री जेवण : बाहेर खा, पण विचारून खा



पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपली मुलं आई-वडिलांना कधीतरी तलावाकाठच्या किंवा समुद्राकाठच्या एखाद्या 'एशियन' हॉटेलात जेवायला नेतात. पाण्यावरून गार वारा येत असतो, टेबलावर मेणबत्ती असते आणि मेनूकार्डावर काही पदार्थांच्या पुढे 'जीएफ' अशी दोन अक्षरं छापलेली असतात. जीएफ म्हणजे ग्लुटेन-फ्री. मग गावी परतल्यावर मला हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, हे ग्लुटेन काय असतं? आम्हीपण गहू सोडून द्यावा का?"

दुसरीकडे, ज्यांना खरोखरच गहू चालत नाही असे मोजके रुग्ण असतात. त्यांचा प्रश्न याच्या अगदी उलटा असतो, "डॉक्टर, आता आम्ही आयुष्यभर बाहेर खायचंच नाही का?"

आजचा लेख या दोन्ही प्रश्नांवर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यांना आजार नाही त्यांनी ग्लुटेनच्या मागे लागू नये. ज्यांना आजार आहे त्यांनी कणभरही सूट घेऊ नये, पण घरात कोंडूनही घेऊ नये. आणि ग्लुटेन-फ्री जेवणासाठी पाण्याकाठचं महागडं हॉटेलच लागतं असं नाही. आपल्या देवगाव फाट्यावरसुद्धा ते मिळू शकतं. फक्त काय विचारायचं ते माहीत हवं.

ग्लुटेन म्हणजे काय?

कणीक मळल्यावर ती ताणली जाते, पोळी लाटताना फाटत नाही. हा चिवटपणा गव्हातल्या एका प्रथिनामुळे येतो. त्याला ग्लुटेन म्हणतात. गहू आणि गव्हापासून होणारे मैदा, रवा, दलिया, शेवया या सगळ्यात ते असतं. सातू म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिनं असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी यांत हे ग्लुटेन नसतं. ज्वारीची भाकरी थापावी लागते, पोळीसारखी लाटता येत नाही, त्याचं कारण हेच.

ग्लुटेन हे विष नाही. बहुसंख्य माणसांना ते आयुष्यभर काहीही त्रास देत नाही. पण सिलिॲक नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या भांडणात स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करून टाकते. अन्न शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

या आजाराचा गव्हाशी संबंध आहे हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला. तेव्हा सगळा देश खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा बिघडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध मांडला. आजही या आजारावर गोळी नाही. ग्लुटेन पूर्ण बंद, हेच औषध.

आपल्याकडे हा आजार आहे का?

"हा तर पंजाबातला आजार" असं अजूनही बोललं जातं. दिल्ली परिसरात लोकवस्तीत केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ९६ माणसांत एकाला सिलिॲक आढळला. २०१६ च्या मोठ्या अभ्यासात उत्तर भारतात प्रौढांमध्ये हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास होतं, तर दक्षिणेत हजारात एक इतकं कमी. आपण भूगोलानेही आणि ताटानेही या दोन्हींच्या मध्ये आहोत.

मराठवाडा हा ज्वारीचा मुलूख. पण गेल्या दोन पिढ्यांत आपल्या ताटात काय बदललं ते तुम्हीच बघा. रेशनवर गहू आला, पोळी रोजची झाली, सकाळी चहासोबत बिस्किट-टोस्ट, संध्याकाळी समोसा नाहीतर नूडल्स. ज्याच्या आजोबांनी पोळी फक्त सणाला खाल्ली त्याचा नातू दिवसातून चार वेळा गहू खातो. आजाराची जनुकीय तयारी आधीपासून असेल, तर तो उघडा पडायला आता वाव मिळतो.

म्हणून या गोष्टी लक्षात ठेवा : लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही रक्त न वाढणं, मुलांची उंची न वाढणं, वारंवार जुलाब आणि पोट फुगणं, तोंड येणं, कमी वयात हाडं ठिसूळ होणं, कारण न सापडणारा वंध्यत्वाचा किंवा गर्भपाताचा त्रास. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉईडचा स्वयंप्रतिकार आजार असणाऱ्यांत आणि रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत, मुलांत, आई-वडिलांत हा आजार जास्त दिसतो.

तपासणी सुरुवातीला रक्ताची असते. टीटीजी-आयजीए नावाची चाचणी आणि सोबत एकूण आयजीए. गरजेप्रमाणे पुढे दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा तपासतात. इथे एक फार महत्त्वाची सूचना. तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. मोबाईलवर व्हिडिओ पाहून दोन-तीन महिने गहू बंद करून कोणी आला, की रक्ताची चाचणी नॉर्मल येऊ शकते आणि खरा आजार लपून राहतो.

'थोडंसं खाल्लं तर काय होतं?'

आपल्या भागातला हा सर्वांत घातक प्रश्न. एका मध्यम पोळीत साधारण २ ते ३ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात जाऊ लागलं, तर साधारण तीन महिन्यांत आतड्याला इजा दिसू लागते. म्हणजे पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला जेमतेम एक चालेल. घास तर दूरच राहिला.

आणखी दोन गैरसमज. पहिला, तळल्याने किंवा भाजल्याने ग्लुटेन जळून जातं. जात नाही. दुसरा, खाऊन काही त्रास झाला नाही म्हणजे चाललं. तसंही नाही. कित्येक रुग्णांना लगेच काहीच जाणवत नाही, पण आत आतड्याचं नुकसान चालू असतं.

लग्नाच्या पंगतीत "एक जिलेबी खा, काही होत नाही" म्हणणाऱ्या मावशी प्रेमानेच म्हणतात. देवळात शिऱ्याचा प्रसाद हातावर ठेवणारे काका श्रद्धेनेच ठेवतात. पण साखरेच्या रुग्णाला आपण आता आग्रह करत नाही ना? तसंच इथे करायचं. प्रसाद कपाळाला लावून शेजारच्याला द्यावा. देव रागावत नाही.

फाट्यावरचं चायनीज आणि पाण्याकाठचं एशियन

जिंतूर-जालना रस्त्यावर सेलूकडे वळायचं ते ठिकाण म्हणजे देवगाव फाटा. अशा कुठल्याही फाट्यावर चहा, वडापाव, भजी, ढाबा आणि लाल पाटीची चायनीजची गाडी हे सगळं हाकेच्या अंतरावर असतं. त्यातलं काय चालतं, काय नाही, ते नीट पाहू.

चायनीजच्या गाडीवरच्या हक्का नूडल्स म्हणजे मैदा. मंचुरियनच्या गोळ्यांत मैदा आणि कॉर्नफ्लोअर. मंचुरियन हा पदार्थ चीनचा नाहीच. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग यांनी तो प्रथम केला असं मानलं जातं. स्प्रिंग रोल आणि मोमोची पारीही मैद्याची. राहतो फ्राइड राइस. भात तर तांदळाचा, मग अडचण कुठे? अडचण दोन ठिकाणी. एक, सोया सॉस. पारंपरिक सोया सॉस सोयाबीन आणि गहू मिळून आंबवून करतात. दोन, ज्या कढईत आत्ताच नूडल्स परतल्या त्याच कढईत, त्याच झाऱ्याने तुमचा भात परतला जातो.

बरेच जण अजिनोमोटोबद्दल विचारतात. अजिनोमोटोत ग्लुटेन नसतं. सिलिॲकच्या रुग्णाचा शत्रू तो नाही, सोया सॉस आहे.

आता पाण्याकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात जाऊ. तिथे थाई, व्हिएतनामी, जपानी पदार्थ असतात. हे खाणं मुळात तांदळावर उभं असल्याने सिलिॲकच्या रुग्णाला तिथे खूप काही मिळू शकतं. नारळाच्या दुधातली थाई करी आणि भात, तांदळाच्या नूडल्स, तांदळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या भाज्या. जपानी पद्धतीचा 'तामारी' नावाचा सॉस बहुधा गव्हाविना करतात, पण बाटली वाचूनच घ्यावा. 'ग्लुटिनस राइस' असं नाव दिसलं तर घाबरू नका. तो नुसता चिकट भात आहे, त्यात ग्लुटेन नसतं.

फसवणारे पदार्थही तिथेच असतात. शाकाहाऱ्यांसाठी 'मॉक डक' किंवा 'सेतान' असतं, ते तर चक्क ग्लुटेनच असतं. टेम्पुरा म्हणजे बहुतेक वेळा मैद्यात बुडवून तळलेलं. सुशीतल्या नकली खेकड्याच्या कांडीत गव्हाचं स्टार्च असू शकतं. ऑयस्टर सॉस आणि मिसो यांतही गहू किंवा बार्ली असू शकते. सोबा नूडल्स बकव्हीटच्या म्हणून ओळखल्या जातात, पण पुष्कळदा त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि बिअर बार्लीची असते, हेही सांगून ठेवतो, कारण ते कुणी आपणहून विचारत नाही.

मेनूवरच्या 'जीएफ' अक्षरांचा अर्थ एवढाच, की त्या पदार्थाच्या कृतीत गहू नाही. कढई वेगळी आहे, तळणाचं तेल वेगळं आहे, असा तो दाखला नव्हे. पाकिटबंद पदार्थाचं वेगळं आहे. त्यावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर एक किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, एफएसएसएआयचा नियम आहे. ताटात वाढलेल्या जेवणाची अशी मोजणी कुणी करत नाही. म्हणून तिथेही विचारावं लागतं आणि फाट्यावरही.

आपल्याच पदार्थांतले छुपे गहू

आपलं मराठी जेवण ज्वारी-तांदळाचं, म्हणून आपोआप सुरक्षित, असं समजू नका. गहू कुठे कुठे लपतो ते पाहा :

१. हिंग. बाजारात मिळणारं बांधानी हिंग शुद्ध नसतं. त्यात पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. चिमूटभर हिंग प्रत्येक फोडणीत जातं. डबीवरचे घटक वाचा. तांदळाचं पीठ किंवा डिंक घातलेलं हिंग मिळतं, ते वापरा.

२. गिरणी. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. गव्हाच्या दळणानंतर लगेच तुमची ज्वारी घातली, तर पहिल्या काही किलोत गव्हाचं पीठ येणारच. घरी छोटी चक्की असेल तर ती फक्त ज्वारी-तांदळासाठी ठेवा. नसेल, तर गिरणीवाल्याला सांगून मशीन साफ केल्यावर दळण घ्या. तेही ज्वारी किंवा तांदळाच्या दळणामागून असावं, आणि सुरुवातीचं पीठ बाजूला काढावं.

३. ढाब्यावरची भाकरी. परात तीच, तवा तोच, आणि कधी भाकरी तुटू नये म्हणून गव्हाचं पीठही मिसळलेलं. त्यामुळे पाटीवर 'ज्वारीची भाकरी' लिहिलं असलं तरी विचारा.

४. तळणाचं तेल. साबुदाणा वडा सुरक्षित, पण समोशाच्या तेलात तळलेला नाही. कांदा भजी बेसनाची, पण कढई कचोरीची.

५. तळलेला मासा. येलदरी धरणाकडे फिरायला गेलात आणि मासा खावासा वाटला, तर वरचं आवरण कशाचं आहे ते विचारा. रवा किंवा मैदा असेल तर नको. तांदळाच्या पिठात घोळवून वेगळ्या तव्यावर शॅलो फ्राय केलेला चालेल.

६. सातूचं पीठ. यात गहू आणि बार्ली दोन्ही असू शकतात. आजारी माणसाला पौष्टिक म्हणून हेच दिलं जातं. माल्ट घातलेली दुधातली पावडरही बार्लीचीच.

७. हुरडा. थंडीत शेतावर हुरडा खायला जाणं ही आपली जुनी ग्लुटेन-फ्री पार्टी. कोवळी ज्वारी, खोबऱ्याची-शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. बिनधास्त खा. पण त्याच आगटीत गव्हाच्या ओंब्या भाजल्या असतील तर थांबा, आणि सोबतच्या शेव-चिवड्याचं पाकीट वाचा.

उपवासाची कढई आणि पथ्याची कढई

माझ्याकडे येणारी एक मुलगी आहे. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचं हिमोग्लोबिन आठच्या वर जाईना. तपासणीत सिलिॲक निघाला. घरी आईने सगळं सांभाळलं, रक्त बाराच्या वर गेलं. मग ती शिकायला शहरात गेली. मेसमध्ये पोळी, रविवारी मैत्रिणींसोबत चायनीज. सोबत गेली आणि खाल्लं तर आठवडाभर पोट बिघडणार. नाही गेली तर खोलीत एकटी. "माझ्यामुळे सगळ्यांचा मूड जातो" म्हणून ती जाणंच बंद करू लागली होती.

अशा वेळी "बाहेरचं खाऊ नको" असं सांगणं डॉक्टरला सोपं असतं. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला ते साठ वर्षं पाळायचं आहे. जे पथ्य माणसाला माणसांपासून तोडतं ते फार काळ टिकत नाही. एक दिवस कंटाळून ती सगळंच सोडून देते, आणि मग खरं नुकसान होतं. म्हणून तिला बाहेर कसं खायचं ते शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि हॉटेलवाल्यांना हे जमणार नाही, असं मला वाटत नाही. आपला साधा हॉटेलवाला एकादशीला उपवासाची कढई वेगळी ठेवतो. कुणी कांदा-लसूण खात नाही म्हटलं तर तो तशी भाजी करून देतो. शाकाहारी आणि मांसाहारी भांडी वेगळी ठेवणं त्याला नवं नाही. म्हणजे भांडी वेगळी ठेवण्याचं शास्त्र त्याला चांगलं येतं. श्रद्धेसाठी जे आपण शतकानुशतकं करतो ते आजारासाठी करायला काय हरकत आहे? एक वेगळी कढई, एक वेगळा तवा आणि बिनगव्हाचं हिंग. खर्च एवढाच आहे.

फक्त मागताना भाषा त्याची वापरा. 'ग्लुटेन' म्हणालात तर तो तुमच्या तोंडाकडे बघेल. असं सांगा :

"दादा, मला डॉक्टरांनी गव्हाचं पथ्य दिलंय. पोळी, मैदा, रवा काहीच चालत नाही, सोया सॉसपण नाही. कणभर गेलं तरी आजारी पडते. कढई धुऊन, नवीन तेलात मीठ-मिरपूड घालून भात परतून द्याल का?"

'पथ्य' हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो आणि सगळे तो मानतात. गर्दीच्या वेळेआधी जा. तेव्हा ऐकून घ्यायला त्याला उसंत असते. उत्तर धड मिळालं नाही तर दही-भात, उकडलेली अंडी, केळी, शेंगदाणे, भाजलेलं कणीस यावर भागवा, किंवा आपली भाकरी डब्यात न्या आणि गप्पा मात्र सगळ्यांच्या सोबत मारा. इडली आणि उपमा दोन्ही असतील तर इडली घ्या, उपमा रव्याचा असतो. सांबारातल्या हिंगाबद्दल तेवढं विचारा.

चुकून गहू पोटात गेलाच तर घाबरू नका. जुलाब-उलटी झाली तर ओआरएस घ्या, पुढच्या जेवणापासून पुन्हा पथ्य सुरू करा. मात्र गहू खाल्ल्यावर लगेच अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम लागणं हे सिलिॲकचं नव्हे, गव्हाच्या ॲलर्जीचं लक्षण असू शकतं. तेव्हा वेळ न घालवता जवळचं रुग्णालय गाठा.

आणि ज्यांना आजार नाही त्यांनी?

तुमची तपासणी नॉर्मल असेल तर 'ग्लुटेन-फ्री' पाकिटांवर पैसे घालवू नका. अशी बिस्किटं आणि ब्रेड महाग असतात, आणि पुष्कळदा त्यांत स्टार्च आणि साखरच जास्त असते. गहू सोडून वजन घटल्याचं कुणी सांगितलं, तर बहुतेक वेळा त्याने गव्हासोबत बिस्किटं, वडापाव आणि जिलेबीही सोडलेली असते. श्रेय त्या सोडण्याला द्या. काहींना सिलिॲक नसूनही गव्हाने पोट फुगतं. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गहू कमी करून पाहावा, पण तपासणीनंतरच.

भाकरी मात्र सगळ्यांनीच खावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण २०१८ मध्ये दिलं. जगाने २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. दूरच्या शहरांत ज्याला महागडं 'ग्लुटेन-फ्री धान्य' म्हणतात ते आपल्या कणगीत आहे.

फॅशन म्हणून 'मला ग्लुटेन-फ्रीच हवं' म्हणणारा माणूस शेवटी त्याच ताटातला केक खातो. हॉटेलवाला ते बघतो आणि हे सगळं नखरे आहेत असं समजतो. मग खरा रुग्ण येऊन तेच मागतो तेव्हा त्याच्याकडेही दुर्लक्ष होतं. हौसेपायी मागणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. आणि तुमच्या घरात, मेसमध्ये, हॉटेलात कुणी गव्हाचं पथ्य सांगितलं, तर "एवढ्याशाने काय होतंय" म्हणू नका. तवा धुऊन द्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या मनाने पथ्य किंवा औषध सुरू करू नये, आपल्या डॉक्टरांना भेटावं.)